पिंपाच्या तळाशी बसणारी साखर आणि गॅसशिवाय सरबताचा पाक

पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा आमच्या गल्लीतलं मंडळ वारकऱ्यांना लिंबू सरबत देतं. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत, आणि वारकरी दिवसभर आमच्या रस्त्यावरून जात-येत असतात. मांडवात शेगडी नसते. एवढ्या गर्दीत, लहान मुलं पायात येत असताना सिलिंडर ठेवायचा नाही हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. त्यामुळे पिंपात पाणी ओतायचं, बर्फाची लादी फोडून टाकायची, वरून साखर ओतायची आणि लांब दांड्याच्या डावानं ढवळत राहायचं, अशी पद्धत होती. दरवर्षी तेच व्हायचं. सकाळी आलेल्यांना आंबट-खारट पाणी, दुपारी चारला आलेल्यांना घशाशी बसेल इतकं गोड. संध्याकाळी पिंप आडवं केलं की तळाशी ओल्या साखरेचा जाड थर, डाव फिरवला की करकर वाजणारा.

एका वर्षी एका आजींनी दोन घोट घेतले आणि ग्लास माझ्या हातात परत दिला. म्हणाल्या, "माउली, साखर राहिली गं घालायची." साखर आम्ही किलोंनी घातली होती, फक्त ती त्यांच्या ग्लासात नव्हती. दिवसभर चालून आलेल्या बाईला आपण आंबट पाणी पाजलं, हे माझ्या मनाला फार लागलं. तेव्हापासून पाक आदल्या रात्री, गॅस न पेटवता करायला लागले. सुरुवातीची दोन-तीन वर्षं त्यातही बरंच बिघडलं. कुठे काय बिघडतं आणि त्यावर काय करायचं, ते लिहिते आहे. मांडवासाठी उपयोगी पडेल, तसंच हॉस्टेलवर किंवा ऑफिसात, जिथे शेगडीच नाही तिथेही.

आधी हे मनातून काढा की साखर विरघळायला उष्णता लागतेच

पाक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकतारी, दोनतारी येते. तो लाडवांचा, चिरोट्यांचा पाक. सरबताच्या पाकाला तार लागत नाही. उलट तार आलेला पाक गार झाला की त्यात कण धरतात आणि थंड पाण्यात तो नीट मिसळतही नाही. सरबताला हवं असतं फक्त साखर पूर्ण विरघळलेलं पाणी.

साध्या 20 अंश सेल्सिअसच्या 100 ग्रॅम पाण्यात जवळजवळ 204 ग्रॅम साखर विरघळते. अगदी शून्य अंशाच्या पाण्यातही 179 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बर्फाच्या पाण्याची साखर सामावून घ्यायची ताकद कमी नाही, ते फक्त फार हळू काम करतं. उकळत्या पाण्यात चमचाभर साखर बघता बघता दिसेनाशी होते, गार पाण्यात तिला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि सरबत करणाऱ्याला तेवढा वेळ नसतो. खरी अडचण एवढीच आहे.

दुसरी गोष्ट बघायला काचेचा ग्लास घ्या, त्यात पाणी घ्या, चमचाभर साखर सोडा आणि न ढवळता उजेडासमोर धरा. दाण्यांच्या भोवती पाणी थरथरल्यासारखं दिसेल, तापलेल्या रस्त्यावरची हवा हलते तसं. तो तयार होणारा पाक आहे. पाक पाण्यापेक्षा जड, म्हणून तो दाण्यांवर पांघरुणासारखा बसून राहतो आणि वरचं कोरं पाणी साखरेपर्यंत पोचूच देत नाही. पिंपात डाव फिरवताना आपण वरचं पाणी ढवळत होतो. तळाचं पांघरूण जागचं हलत नव्हतं.

माप आणि कृती

1 किलो साखर, 1 लिटर पाणी. वजनावर, वाटीवर नाही. पाणी पिण्याचं हवं, फिल्टरचं किंवा आधी कधीतरी उकळून गार केलेलं. हॉस्टेलची मुलं गीझरचं गरम पाणी घेतात, ते कृपा करून घेऊ नका. ते अंघोळीचं पाणी आहे, टाकीतून आलेलं. विजेची किटली असेल तर उत्तमच, तिच्यातलं कोमट पाणी घ्या. नसेल तरी काही अडत नाही.

आधी भांड्यात पाणी, मग साखर. साखरेवर पाणी ओतलं की तळाशी गच्च थर बसतो आणि तो सोडवण्यातच अर्धा तास जातो. साखर तीन-चार वेळा करून घाला आणि प्रत्येक वेळी ताकाच्या रवीनं घुसळा. रवी तळापर्यंत जाते आणि खालचं वर आणते, म्हणून ती डावापेक्षा फार बरी. दोन-तीन मिनिटं घुसळायचं, दहा मिनिटं झाकून ठेवायचं, पुन्हा घुसळायचं. बारीक दाण्याची साखर असेल तर अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. मोठ्या दाण्याची असेल तर तासभर धरून चाला.

दाण्याचा फरक खरंच मोठा पडतो. साखरेच्या पोत्यावर एस-30, एम-30 असं छापलेलं असतं. त्यात एस म्हणजे बारीक दाणा, एम म्हणजे मध्यम आणि एल म्हणजे मोठा. मोठ्या कामासाठी पोतं घ्यायचंच असेल तर दुकानदाराकडे एस मागा. भाव सारखाच असेल तर चमकदार मोठ्या दाण्याचा मोह कशाला?

थोडाच पाक हवा असेल तर लिटरची बाटली घ्या, त्यात पाव लिटर पाणी आणि पाव किलो साखर घाला, झाकण घट्ट लावून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा, मग आडवी ठेवा. आडवी ठेवल्यानं साखर पातळ पसरते. दहा मिनिटांनी पुन्हा हलवा. मिक्सर असेल तर एका मिनिटाचं काम, पण त्यातून पाक पांढरट निघतो. ते हवेचे बुडबुडे. वीस-पंचवीस मिनिटं ठेवलं की खालपासून वरपर्यंत स्वच्छ होतो. घाबरून टाकून देऊ नका, मी एकदा दिला आहे.

ढवळायला माणूसच नसेल तर आणखी एक युक्ती आहे. साखर स्वच्छ धुतलेल्या पातळ पंचात बांधा आणि ती पुरचुंडी भांड्यावर आडव्या टाकलेल्या पळीला अशी टांगा की ती पाण्याच्या वरच्या भागात बुडालेली राहील, तळाला टेकणार नाही. पाक जड, त्यामुळे तो पंचातून धारांनी खाली उतरतो आणि त्याच्या जागी कोरं पाणी वर येतं. रात्री टांगली की सकाळी पंचा जवळजवळ रिकामा असतो. शेवटी एकदा तळापासून ढवळायचं, कारण खाली पाक दाट आणि वर पातळ झालेला असतो. ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम काचेच्या बरणीत करून दाखवते. त्या धारा खाली उतरताना बघण्यासारख्या दिसतात.

"मापानं केलं तरी गोडी कमी पडते"

वाटीनं मोजलंत म्हणून. पाण्याची वाटी 200 ग्रॅमची असेल तर त्याच वाटीत साखर 170 ग्रॅमच्या आसपास बसते. दाण्यांच्या मध्ये हवा असते ना. म्हणजे वाटीला वाटी घेतलं की पाक 50 टक्क्यांऐवजी 45-46 टक्क्यांचा होतो. घरच्या चार ग्लासांना ते कळत नाही, पण पाचशे ग्लासांचा हिशेब त्यावर बांधला की कळतं.

आपला पाक बरोबर आहे का हे तपासायला एक सोपी खूण आहे. बरोबर एक लिटर पाक मोजून वजन करा. भांड्याचं वजन सोडून ते 1 किलो 230 ग्रॅमच्या जवळ यायला हवं. 1200 च्या आसपास आलं तर एक तर वाटीनं मोजलंय किंवा तळाशी अजून साखर आहे. तळ बघायचा तर भांडं हळूच तिरपं करा. साखर असेल तर ती वाळूसारखी एका बाजूला सरकते.

"फ्रिजमध्ये ठेवला आणि तळाशी खडे धरले"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारीनं दाट पाकासाठी पाण्याच्या दुप्पट साखर घातलेली असते. यात गंमत अशी की शेजारणीनं तोच "दुप्पट साखरेचा" पाक केलेला असतो आणि तिच्याकडे खडे धरत नाहीत. कारण पुन्हा वाटीच. दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी घेतलं तर 200 ग्रॅम पाण्यात 340 ग्रॅम साखर जाते, म्हणजे 100 ला 170. फ्रिजमधल्या चार-पाच अंशाच्या पाण्यात 100 ला 184-185 पर्यंत साखर टिकते, म्हणून शेजारीण वाचते. तुम्ही मात्र काटेकोरपणे वजन करून 100 ला 200 घातलीत. उन्हाळ्याच्या खोलीत ती कशीबशी विरघळली आणि फ्रिजमध्ये जादा साखर बाहेर पडली. चूक तुमच्या हाताची नाही, मापाची आहे.

दाट पाक हवा असेल तर वजनानं दीडपट साखर घ्या, 1 लिटरला दीड किलो. तो फ्रिजमध्येही स्वच्छ राहतो. खडे धरलेला पाक टाकू नका. बाटली बाहेर काढून खोलीच्या उष्म्यावर येऊ द्या, थोडं पाणी घाला आणि हलवा. बाटलीच्या तोंडाशी सुकलेली साखर मात्र ओल्या फडक्यानं पुसून घ्या. तो एखादा कण आत पडला की त्याच्याभोवती पुन्हा खडे वाढायला लागतात.

"पाक गढूळ दिसतो, तळाशी काळे कण येतात"

पिठीसाखर वापरलीत का? बाजारच्या पुडक्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा मक्याचं पीठ मिसळलेलं असतं. ते विरघळत नाही आणि पाक धुरकट होतो. पाकिटावर वाचून घ्या, नाहीतर घरीच साखर दळा. दळलेली साखर लवकर विरघळते, पण भसकन ओतली तर तिच्या गोळ्या होतात, म्हणून चिमटीनं भुरभुरवत घालायची.

काळे कण साखरेतलेच असतात. शेगडीवर पाक करताना आपल्या आया चमचाभर दूध घालून मळी वर आणायच्या आणि झाऱ्यानं काढायच्या. गार पाकात तसं करता येत नाही, त्यात दूध घातलं तर ते नासेल. पंचा दुहेरी करून गाळा. पाक दाट असतो, गाळायला वेळ लागतो, पिळू नका. आदल्या रात्री केलात तर तो आपोआप गाळला जाईपर्यंत तुम्ही झोपू शकता.

"दोन दिवसांत आंबला"

उकळलेला नसल्यामुळे हा पाक जपावा लागतो. निम्मी साखर आणि निम्मं पाणी असलेल्या पाकात यीस्ट मजेत वाढतं. झाकण उघडताना फुस्स आवाज येणं, कडेला बारीक बुडबुडे, दारूसारखा वास, पाकात तरंगणारे दोऱ्यासारखे तंतू, यातलं एकही दिसलं तर तो पाक सरळ ओतून टाका. वारकऱ्यांना, लहान मुलांना द्यायचा असतो तो. "थोडंसंच आहे, लिंबानं दबेल" असं म्हणून पुढे ढकलू नका.

मी एक वर्ष पाक शनिवारी करून रविवारी वापरायचा म्हणून खोलीतच झाकून ठेवला होता. कार्यक्रम दोन दिवस पुढे गेला आणि सगळा पाक गेला. ते आठ किलो साखरेचं नुकसान अजून आठवतं. तेव्हापासून ठरवलंय की बाहेर ठेवायचा तर एक रात्र, फ्रिजमध्ये आठवडा, फार तर दहा दिवस. बाटली आणि झाकण दोन्ही कोरडी हवीत. उष्टा चमचा तर सोडाच, पण नुसता ओला चमचाही आत घालू नका. दीडपटीचा पाक थोडा जास्त टिकतो, पण त्याच्या भरवशावर उन्हात ठेवू नका.

साखर पाण्यात न घालता थेट रसात

खरं तर वर्षभराचं लिंबू सरबत आपल्याकडे असंच होत आलं आहे. लिंबाच्या रसात साखर घालायची, काचेच्या बरणीत भरायचं आणि रोज एकदा कोरड्या पळीनं हलवत राहायचं. इथे रस हेच पाणी. एक वाटी रसाला दोन वाट्या साखर हे माप नीट बसतं. तीन वाट्या घालणाऱ्यांकडे तळाला साखर राहते आणि त्यांना वाटतं आपलं चुकलं. ती राहणारच. काही आठवड्यांत ती हळूहळू कमी होते, कारण आंबटपणामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो आणि ते जास्त सहज विरघळलेले राहतात. घाई असेल तर दोनच घाला. बिया आणि सालीचा चोथा आत राहू देऊ नका, कडवटपणा तिथून येतो.

कोकमाचं तर विचारूच नका. माझं माहेर रत्नागिरीकडचं. एप्रिल-मे महिन्यात झाडाखाली लालचुटुक रातांबे पडायला लागले की आई ते धुऊन पंचावर पसरायची आणि पूर्ण कोरडे झाल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. मग अर्धे कापून बिया काढायच्या, त्या लाल वाट्यांत गच्च साखर भरायची आणि एकावर एक बरणीत रचायच्या. वजनाला सालांच्या दुप्पट साखर. बरणीच्या तोंडाला दादरा, म्हणजे पातळ फडकं, बांधायचा आणि ती अंगणात उन्हात ठेवायची. दुसऱ्या दिवशी तळाशी लाल पाणी दिसायचं, चौथ्या दिवशी साली त्यात पोहायला लागायच्या. पाणी एक थेंबही घातलेलं नसायचं. साखर सालीतला रस बाहेर ओढून घेते आणि त्यातच विरघळते. आठवड्याभरानं गाळलं की अमृत कोकम तयार. त्यात मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायची. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आईच्या त्या बरणीचाच मान झाल्यासारखं वाटलं.

यात बिघडतं ते असं. वरच्या वाट्यांवर बुरशी आली तर एक तर फळं ओली होती किंवा वरचा थर पाकाबाहेर कोरडा राहिला. रोज संध्याकाळी बरणी घरात आणल्यावर कोरड्या पळीनं वरच्या साली खाली दाबा आणि वर मूठभर साखर पसरा. झाकण घट्ट लावून उन्हात ठेवू नका, आत वाफ धरते आणि तिचे थेंब वरच्या सालींवर पडतात. दादराच हवा, म्हणजे वाफ जाते आणि मुंगी-माशी आत येत नाही. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या परातीत ठेवायची. आणि कोकम असो की लिंबू, भांडं काच, चिनीमाती किंवा स्टील. तांब्या-पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात आंबट घालू नका.

गुळाचा गार पाकही होतो. गूळ किसून, बुडेल इतक्या पाण्यात भिजवून, गाळून घ्यायचा. पन्ह्याला तो छान लागतो, पण लवकर आंबतो. त्याच दिवशी संपवा.

मांडवाचा हिशेब

आमचे 500 ग्लास असतात, प्रत्येकी 150 मिलीचे. म्हणजे 75 लिटर सरबत. ग्लासाला 15 ग्रॅम साखर धरली तर साडेसात किलो. आदल्या संध्याकाळी साडेसात किलो साखर आणि साडेसात लिटर पाणी, दोन मोठ्या स्टीलच्या पातेल्यांत निम्मं-निम्मं. त्याचा साधारण 12 लिटर पाक होतो. (साडेसात आणि साडेसात मिळून पंधरा लिटर होणार नाहीत, हिशेब करताना अनेकजण इथे फसतात.) रात्री गाळून, झाकून ठेवायचा. सकाळी पिंपात आधी पाक, मग साधं पाणी, मग ढवळणं, मग लिंबाचा रस आणि दीडशे ग्रॅम मीठ. मग चव बघायची. बर्फ सगळ्यात शेवटी, आणि तोही पिण्याच्या पाण्याचा, एवढी खात्री पाहिजेच. दोन ग्लासांना एक लिंबू धरा. लिंबं सकाळीच पिळा, रात्री पिळून ठेवलेला रस कडवटतो.

हे सगळं वाचायच्या आधीच तुमच्या मांडवात साखर तळाशी बसली असेल, बर्फ पडलेला असेल आणि समोर रांग असेल, तर साखर आणखी घालू नका. वरचं पाणी दुसऱ्या पिंपात किंवा कळशांत काढून घ्या, तळाचा थर उघडा पडेपर्यंत. त्या थरावर बर्फ नसलेलं साधं पाणी घाला, त्याच्याच वजनाइतकं, आणि हातभर लांब रवीनं तळ खरवडून पाच-सात मिनिटं घुसळा. करकर थांबली की पाक झाला. मग काढलेलं आंबट पाणी थोडं थोडं त्यात परत घाला, प्रत्येक वेळी तळापासून वर ढवळत. पहिला ग्लास स्वतः प्या, आणि मगच पुढच्या माउलीच्या हातात द्या.